तेलाचा बॉयलर काढून कोळशाचा बसवावा का?

घर आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

थंडी तोंडावर आली की हीटिंगची पत्रं वाढतात, यावेळी तर कोळशाबद्दलच इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पहिल्या पत्राला उत्तर जरा जास्तच लांब झालंय, पण त्यात पैसे आणि जीव दोन्हीचा प्रश्न आहे म्हणून आखडतं घेतलं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या बाहेर आम्ही जुनं घर घेतलंय, १९२८ सालचं, दुमजली, साधारण १८०० स्क्वेअर फूट. जुने बिडाचे रेडिएटर आहेत आणि बेसमेंटमध्ये तेलाचा बॉयलर, नळाचं गरम पाणीही त्यावरच. वर्षाला ९०० गॅलन तेल जातं, मागच्या वेळी टाकी भरली तेव्हा गॅलनला ४ डॉलर पडले. शेजारचे आजोबा जन्मभर कोळशावर घर तापवतायत, ते म्हणतात ३५० डॉलर टनाने कोळसा घरपोच मिळतो, कशाला तेलवाल्याची धन करता. ऑटोमॅटिक स्टोकर बॉयलरचं (कोळसा आपोआप आत घेणाऱ्या) कोटेशन घेतलं, तासाला १,३०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक), फिटिंगसकट ११,००० डॉलर. तेलाचा बॉयलर काढूनच टाकावा का आणि कोळशाचा कुठला घ्यावा? आम्ही दोघंही नोकरी करतो आणि वर्षाआड डिसेंबरमध्ये महिनाभर पुण्याला असतो. वीज आमच्याकडे युनिटला १८ सेंट पडते.

उत्तर : तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं पुण्याचं वाक्य या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतेच, पण आधी हिशोब करू कारण शेजारच्या आजोबांचं म्हणणं हिशोबात खरं आहे का ते तर कळायला हवं.

एक गॅलन तेलात साधारण १,३८,५०० बीटीयू असतात आणि बॉयलर ८२ टक्के कार्यक्षम धरला तर घरात येतात १,१३,६०० च्या आसपास. तुमच्या भागातला अँथ्रासाइट (कठीण, जवळपास बिनधुराचा) कोळसा पौंडाला साडेबारा हजार बीटीयू धरा, अमेरिकन टन २००० पौंडांचा, म्हणजे टनाला अडीच कोटी, स्टोकरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की उरले १ कोटी ८७ लाख. म्हणजे एक टन कोळसा बरोबर १६५ गॅलन तेल, आणि तुमच्या ९०० गॅलनच्या जागी साडेपाच टन कोळसा लागणार. तेलाचे ३,६०० डॉलर, कोळशाचे १,९२५, वर्षाला पावणेसतराशे डॉलर वाचले. ११,००० वसूल व्हायला साडेसहा वर्षं, आणि धुराड्याचं काम निघालं (जुन्या घरात निघतंच) तर आठ-नऊ. तर आजोबा चुकीचं सांगत नाहीयेत. फक्त एक लक्षात ठेवा, तेल आणि कोळसा यांचे भाव अगदी वेगवेगळ्या वाटेने जातात असं नाही, २०२२ मध्ये तेल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं तेव्हा लोक कोळशाकडेही धावले आणि कोळसाही महाग झाला.

आता याच हिशोबात तिसरा भिडू घालून बघा. दहा लाख बीटीयू उष्णता घरात यायला तुम्हाला तेलाने ३५ डॉलर पडतायत, कोळशाने १९ पडतील, आणि थंड हवामानासाठी बनवलेल्या हीट पंपाने (विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र), खाल्लेल्या विजेच्या हिवाळ्यात सरासरी अडीचपट उष्णता धरली तर, तुमच्या १८ सेंटच्या दराने २१. कोळसा आणि हीट पंप यांच्यात फरक दोनच डॉलरचा, अख्ख्या वर्षाचा दोन-अडीचशे डॉलर. तेवढ्यासाठी राख काढायची, कोळसा साठवायचा, धुराडं साफ करायचं. आणि कार्बनचंही स्पष्ट बोलायला हवं, ९०० गॅलन तेलातून साधारण ९ टन कार्बन डायऑक्साइड जातो, साडेपाच टन कोळशातून १४ टन. मला हे वजन जड वाटतं आणि ते न सांगता तुम्हाला बॉयलरची नावं सांगत बसणं मला पटत नाही. बिडाच्या रेडिएटरना हीट पंप जोडणं सोपं नाही हे खरं, त्यांना खूप गरम पाणी लागतं, पण खाली एक आणि वर एक असे भिंतीवरचे मिनी-स्प्लिट (स्प्लिट एसीसारखे हीट पंप) लावून तेलाचा बॉयलर फक्त कडाक्याच्या दिवसांना ठेवणं हा रस्ता दोघं नोकरी करणाऱ्या घराला जास्त झेपतो असं माझं मत आहे. एकदा त्याचंही कोटेशन घ्या.

तरीही कोळसाच घ्यायचा असं ठरलं, आणि तुमच्या भागात ठरवणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत, बर्फाच्या वादळात घर २२ अंश सेल्सिअसला ठेवणारा कोळसा त्यांना प्रिय असतो, तर मग कुठला बॉयलर हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी धुराडं बघा.

कोळशाच्या बॉयलरला धुराड्यात स्वतःची वेगळी नळी लागते, तेलाच्या बॉयलरच्या नळीत त्याचा धूर सोडायचा नाही. तुमच्या घराच्या वयाच्या धुराड्यात कधी दोन नळ्या असतात कधी एकच, आतले मातीचे लायनर (अस्तर) तडकलेले असतात, जोडांचा चुना गळून गेलेला असतो. धुराडं साफ करणाऱ्याकडून आत कॅमेरा सोडून बघून घ्या आणि तो रिपोर्ट हातात येईपर्यंत बॉयलरला आगाऊ रक्कम देऊ नका. स्टेनलेसचा लायनर टाकावा लागला तर तो कोळशासाठी चालतो असं लेखी घ्या, कारण कोळशाच्या धुरात सल्फर असतो, उन्हाळ्यात ओल धरली की त्याचं अ‍ॅसिड होतं आणि पातळ स्टील खाऊन टाकतं. पंखा लावून भिंतीतून धूर बाहेर काढायची सोयही मिळते पण मला ती फारशी आवडत नाही, वीज गेली की पंखा बंद आणि विस्तव मात्र पेटलेलाच.

दुसरं, रेडिएटरला एक पाईप जातोय का दोन ते बघा. एकच असेल तर तुमची सिस्टिम वाफेची आहे आणि मग बॉयलरचा आकार रेडिएटरच्या एकूण पृष्ठभागावरून ठरतो, घराच्या गरजेवरून नाही, आणि बॉयलरही वाफेचाच लागतो. दोन पाईप असतील तर बहुतेक गरम पाण्याची, पण जुन्या घरात दोन पाईपांची वाफही असते, म्हणून बॉयलरवर पाण्याच्या पातळीची उभी काच आहे का तेही बघा, असेल तर वाफच. (पाईपांवर पांढरं जाड प्लास्टरसारखं वेष्टण असेल तर त्याला हात लावू नका, खरवडू नका, त्या काळात अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचे.)

गरम पाण्याची सिस्टिम असेल तर १,३०,००० बीटीयू तुम्हाला फार होतात. कसं ते बघा, ९०० पैकी दीडशे गॅलन नळाच्या गरम पाण्याचे सोडले तर घर तापवायला ७५० गेले, त्याचे साडेआठ कोटी बीटीयू झाले. स्क्रँटनच्या हिवाळ्याचे डिग्री-डे (रोजच्या थंडीच्या अंशांची हिवाळाभराची बेरीज) साधारण ६,०००, त्याला २४ तासांनी गुणून भागलं की बाहेरच्या प्रत्येक फॅरेनहाइट अंशाला तासाला ५९० बीटीयू येतात. बाहेर ५ अंश आणि आत ७० म्हणजे फरक ६५, एकूण ३८,००० च्या आसपास. अगदी कडाक्याच्या रात्रीची ही गरज! त्यावर गरम पाण्यासाठी आणि गारठलेलं घर वर आणण्यासाठी दीडपट धरा, ६० हजार. कोटेशन देणाऱ्याने बहुतेक जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा उतरवून घेतलाय, आणि जुना बॉयलर बसवणाऱ्याने त्याच्या आधीच्या पाटीवरचा. खूप मोठा स्टोकर घेतला की ऑक्टोबर-एप्रिलच्या सौम्य दिवसांत तो नुसता धुमसत बसतो, कोळसा वाया जातो नाहीतर विस्तव विझतो. त्याच्याकडे घराच्या उष्णतेचा रीतसर हिशोब मागा, नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन नसेल तर ते आधी, कारण त्यानंतर हे सगळेच आकडे खाली येतात.

आता प्रकार. हाताने कोळसा घालायचे आणि स्टोकर असे दोन. हाताने घालायचा म्हणजे आपला न्हाणीघरातला बंबच, मधे विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख, फक्त आकाराने मोठा आणि बंद. त्याला वीज जवळपास लागत नाही, किंमत कमी, पण दर बारा तासांनी कोणीतरी हजर पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि वीज जाऊन पंप थांबला तर विस्तव काही थांबत नाही, त्यासाठी पाणी आपोआप वर चढून उष्णता सोडेल असा एक रेडिएटर जोडून ठेवावा लागतो. दोघं नोकरीवर जाणाऱ्या घरात तो नको.

स्टोकरमध्ये सपाट जाळीचे आणि गोल भांड्याचे असे दोन मुख्य प्रकार बघायला मिळतील. सपाट जाळीच्यात, कीस्टोकर किंवा लेझर लाइनसारख्या, वरच्या हॉपरमधून (कोळशाच्या पेटीतून) तांदूळ म्हणतात त्या बारीक आकाराचा कोळसा जाळीवर हळूहळू पुढे ढकलला जातो आणि खालच्या बारीक भोकांतून पंखा हवा देतो. ईएफएम ५२० मध्ये कोळसा स्क्रूने खालून गोल भांड्यात वर येतो आणि राख कडेवरून सांडते. अ‍ॅक्समन-अँडरसनचा प्रकार वेगळाच, तो वाटाणा आकाराचा कोळसा खातो आणि राखही स्वतःच बाहेर काढून बादलीत टाकतो. हे तिन्ही प्रकार पेनसिल्व्हेनियात अनेक दशकं चाललेत, तुमच्या तीस-चाळीस मैलांत कोणता आकार वर्षभर मिळतो आणि कोणाचे सुटे भाग जवळच्या दुकानात असतात त्यावरून निवडा. जानेवारीत शनिवारी रात्री मोटर गेली तर ब्रोशर कामाला येत नाही, जवळचं दुकान येतं.

बसवून झाल्यावर सेटिंग बरोबर आहे का ते तुमचं तुम्हालाच बघता येतं. बॉयलर जोरात चालू असताना दाराच्या काचेतून सपाट जाळीकडे बघा, हॉपरच्या बाजूला काळा कोळसा, मधे पांढरट नारिंगी पट्टा आणि त्यावर लहानशा निळ्या ज्वाळा, आणि पुढच्या कडेला इंच-दीड इंच मेलेली राखाडी राख, ती तुकड्यातुकड्याने खाली डब्यात पडत असते. लाल निखारेच कडेवरून पडताना दिसले तर कोळसा फार जोरात येतोय, पैसे राखेत चाललेत. उलट अर्धी जाळी राखेनेच भरलेली असेल तर कोळसा कमी पडतोय.

रोजचं काम किती? जानेवारीत सरासरी दिवसाला ६०-६५ पौंड कोळसा आणि आठेक पौंड राख. हॉपर दोन-तीन दिवस पुरतो, राखेचा डबा त्याच सुमारास भरतो. साडेपाच टन एकदम ठेवायचे तर आठ फूट बाय सात फूट, चार फूट उंच अशी जागा लागेल, नाहीतर अर्ध्या आकाराची कोठी करून दोनदा भरा. ट्रक जिथून पन्हाळ सोडून ओतेल ती खिडकी कुठली हे कोठी बांधायच्या आधी बघून घ्या.

आणि आता पुणं. महिनाभर घराला कुलूप आणि बाहेर शून्याखाली, तेव्हा कोळसा कोण घालणार? शेजारचे आजोबा एखाद आठवडा बघतील, महिना नाही, आणि त्यांच्यावर ते टाकूही नये. विस्तव विझला की दीड-दोन दिवसांत पाईप फुटू शकतात. म्हणून तेलाचा बॉयलर काढून टाकू नका, दोन्ही समांतर जोडून घ्या. कोळशाचा १८० अंश फॅरेनहाइटला आणि तेलाचा १५० ला लावला की कोळशाचं पाणी थंड पडायला लागल्यावरच तेलाचा आपोआप सुरू होतो, मधे उलट प्रवाह अडवणारे व्हॉल्व्ह हवेत, प्रत्येक बॉयलरला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. पुण्याला जाताना कोळसा रीतसर विझवून टाका, थर्मोस्टॅट ५५ वर, टाकीत पुरेसं तेल. दोन्ही ठेवायचे म्हणजे धुराड्यात दोन नळ्या आल्या, म्हणून म्हटलं आधी धुराडं बघा.

विमा कंपनीला आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, घरात कोळसा म्हटलं की काही कंपन्या हप्ता वाढवतात, काही पॉलिसीच नाकारतात. टाउनशिपचं परमिटही त्याच आठवड्यात.

प्रश्न : ताई, मी चंद्रपूरची. आमची उभी हयात घुग्घुसच्या खाणीच्या बाजूला गेली, कोळसा म्हणजे काळा धूर आणि काळी भिंत एवढंच माहीत. मुलीने आणि जावयाने पेनसिल्व्हेनियात पॉट्सव्हिलला घर घेतलंय, तिथे तळघरात कोळशाचा बॉयलर आधीपासूनच आहे आणि ते दोघं खूश आहेत. नातू आठ महिन्यांचा आहे, मी जानेवारीत जाणार आहे. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत अशी बातमी आमच्याकडे दर थंडीत येते. बाळाच्या घरात हे बरोबर आहे का?

उत्तर : मावशी, तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे, फक्त ती धुराबद्दल नको, दिसत नाही त्याबद्दल हवी.

घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा आणि पॉट्सव्हिलचा कोळसा यांत फार फरक आहे. आपल्याकडच्यात जळाऊ वायू भरपूर, राखही खूप, ३५-४० टक्क्यांपर्यंत, म्हणून तो भडकन पेटतो आणि काजळी धरतो. तिकडचा अँथ्रासाइट जवळजवळ नुसता कार्बन, हाताला दगडासारखा कठीण आणि चकचकीत, पेटायला अतिशय हट्टी पण एकदा पेटला की धूर जवळपास नाहीच. सुरुवातीला तर लोकांना तो घरात पेटवताच येत नव्हता, १८०८ साली विल्क्स-बॅरीत जेसी फेल यांनी लोखंडी जाळीवर ठेवून खालून हवा दिली आणि भात्याशिवाय तो जळत राहिला, तिथून त्या भागाची घरं अँथ्रासाइटवर तापायला लागली. (त्या बाजूला सेंट्रेलिया नावाचं गाव आहे, तिथे जमिनीखाली १९६२ पासून आग धुमसतेय, कोणी त्याचं सांगून घाबरवलं तर ती खाणीतली आग आहे, घरातल्या बॉयलरशी तिचा संबंध नाही.)

पण धूर नाही म्हणजे विषारी वायू नाही असं मुळीच नाही. शेगडीने जी माणसं जातात ती कार्बन मोनॉक्साइडने जातात आणि तो अँथ्रासाइटमधूनही निघतो. शेगडीचा वायू खोलीतच साठतो, बॉयलरचा धुराड्यातून बाहेर जातो, सगळी सुरक्षितता या एका वाटेवर आहे. म्हणून मुलीला चार गोष्टी विचारा आणि गेल्यावर स्वतः बघा. प्रत्येक मजल्यावर आणि बाळाच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि त्याच्या पाठीवरची तारीख काय, कारण हे अलार्म मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत संपतात, हिरवा दिवा लागत असला तरी. धुराडं या वर्षी साफ केलं का. बॉयलरच्या धुराच्या पाईपवर एक हलणारी गोल झडप असते, हवेचा ओढा सांभाळते ती, ती मोकळी हलते का, थंड हवा येते म्हणून कोणी चिकटपट्टी तर लावली नाही ना. आणि राखेचं दार नेहमी घट्ट बंद असतं का, ते उघडं राहिलं तर खालून हवा मिळून विस्तव भडकतो आणि पाणी उकळायला लागतं.

आणखी एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही. घर घट्ट बंद, स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट चालू, कपडे वाळवायचं मशीन चालू, दोघं मिळून घरातली हवा बाहेर ओढतात आणि धुराड्यातली हवा उलटी खाली येऊ शकते. बाहेर थंडी कमी असलेल्या दिवशी हा धोका जास्त, कारण तेव्हा धुराड्याचा ओढाच कमी असतो. फोडणीसाठी एक्झॉस्ट लावाल तेव्हा जवळची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर तो थंडीचा त्रास समजू नका. बाळाला उचला, बाहेर पडा, मग ९११ (तिथला आणीबाणीचा नंबर). आत जाऊन बॉयलर बघायचा नाही. हे सगळं जागच्या जागी असेल तर मावशी निर्धास्त जा, ते घर तुम्हाला छान उबदार लागेल. रेडिएटरला मात्र हात लावून बघा, बाळ रांगायला लागलं की रेडिएटरभोवती जाळी लागेल.

प्रश्न : आम्ही हेझल्टनला कोळशाचा स्टोव्ह लावलाय. आईच्या गावी चुलीची राख वांग्याला आणि भांडी घासायला वापरायचे, इथे बादल्यांनी राख निघते ती बागेत टाकली तर चालेल का?

उत्तर : नको. चुलीच्या राखेत पोटॅश असतं म्हणून वांगी खूश होतात, दगडी कोळशाच्या राखेत झाडाला उपयोगी असं फारसं काही नसतं आणि आर्सेनिक, शिसं यासारखे धातू असतात, जे खायचं त्याच्या मुळाशी ते टाकू नये. भांड्यांनाही नको. बर्फावर पाय घसरू नये म्हणून ड्राइव्हवेवर टाकतात ते चालतं, तुमच्याकडे अनेक गावांत कोळशाची राख वेगळी उचलतात, म्युनिसिपालिटीला फोन करून वार विचारून घ्या.

पण बागेपेक्षा मला काळजी बादलीची आहे. वरून गार दिसणाऱ्या राखेत आत निखारा कितीतरी दिवस जिवंत राहतो. पत्र्याचाच डबा, घट्ट झाकण, आणि तो घरापासून लांब सिमेंटवर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही (गॅरेज बंद, राखेतून मोनॉक्साइड निघत राहतो), प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही. राख काढताना झाडू मारू नका, उडते आणि छातीत जाते, मास्क लावा आणि हळू ओता.

प्रश्न : इंग्लंडमध्ये खेड्यात राहतो, गॅसची लाइन नाही, केरोसीनचा बॉयलर आहे. कोळसा स्वस्त पडेल का?

उत्तर : तुमच्याकडे साधा घरगुती कोळसा घरात जाळण्यासाठी विकायला मे २०२३ पासून पूर्ण बंदी आहे, अँथ्रासाइट चालतो पण तो स्वस्त नाही. हीट पंपाला इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार पैसे देतं, बॉयलर अपग्रेड स्कीम म्हणून (ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ७,५०० पौंडांपर्यंत वाढवली), आणि केरोसीनवरची घरं त्यात बसतात. अर्ज तुमच्या वतीने हीट पंप बसवणारा करतो, आधी त्याला विचारा. युरोपात वाराही तिकडेच वाहतोय, पोलंडमधल्या क्राकुफ शहराने तर सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी घातली.

प्रश्न : टमाक्वाजवळ एका बेसमेंटमध्ये जुना स्टोकर बॉयलर विकायला आहे, नव्याच्या पाव किमतीत. मालक म्हणतात चार वर्षं बंद आहे पण चालू होता तेव्हा उत्तम होता. घ्यावा का? काय बघायचं?

उत्तर : घेण्यासारखा असू शकतो, हे बॉयलर जाड पत्र्याचे असतात आणि नीट राखले तर दोन पिढ्या चालतात. पण "बंद आहे" हेच नीट बघायचंय. कोळशाच्या बॉयलरचं नुकसान जळताना कमी आणि बंद असताना जास्त होतं, कारण आतल्या बारीक राखेत सल्फर असतो, तळघरात उन्हाळ्याची ओल, दोघांचं अ‍ॅसिड होऊन पत्रा आतून खात राहतो. चार वर्षांपूर्वी बंद करताना आत साफ केला होता का, हा एकच प्रश्न विचारा आणि मालकाचं उत्तर ऐकायच्या आधी दार उघडून टॉर्च मारा.

आत राखेचे थर तसेच चिकटलेले असतील तर खरवडणी घेऊन तळाचा कोपरा आणि राखेच्या डब्यामागची भिंत खरवडा, पापुद्रे निघतात का बघा, हातोडीने हलकेच ठोका, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो. जाळी वाकलीय का, हवेची भोकं बुजलीत का, स्क्रू किंवा ढकलणाऱ्या पट्टीची झीज किती. मग पाणी भरून दाब द्या. घरात चालताना दाब १२ ते १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ३० ला उघडतो, म्हणून चाचणीपुरती व्हॉल्व्हची जागा बंद करून नळाच्या पाण्याने ३० पर्यंत नेऊन तासभर काटा हलतो का बघा, हवेने कधीही नाही. मालक चाचणी करू देत नसतील तर भंगाराच्या भावापेक्षा जास्त देऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तापमानाचे कंट्रोल, जुने कितीही चांगले दिसले तरी नवेच घ्या, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. मोटर आणि गिअरबॉक्सचा नंबर लिहून घेऊन दुकानात फोन करा, भाग मिळतो म्हणाले तर पुढे जा.

घेतलात तर पहिल्याच मे महिन्यात, विस्तव विझवला त्याच आठवड्यात, धुराचा पाईप काढून बाहेर नेऊन झटका, बॉयलर आतून ब्रशने पूर्ण खरवडा, कोपऱ्यातली राख व्हॅक्यूमने काढा (साध्या घरच्या व्हॅक्यूमने नाही, बारीक राख त्यातून परत हवेत येते, राखेसाठीचा वेगळा मिळतो), मग बेकिंग सोड्याच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा आणि तेलाचा हलका हात द्या. धुराड्याचं तोंड बंद करा म्हणजे दमट हवा आत फिरत नाही, आणि त्या बंद तोंडावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, ऑक्टोबरमध्ये पेटवायच्या आधी ते उघडायचंय.